दुसऱ्या सहीचा रकाना

४ मार्च, मंगळवार
दुपार, चष्म्याच्या दुकानातून

प्रिय दादा,

तू बरा असशील असं धरून चालते. वहिनीचा अधूनमधून फोन येतो, म्हणून तुझा खांदा दुखतो आणि तरी तू लिफ्ट दुरुस्तीची कामं सोडत नाहीस, एवढं कळतं. आई मजेत आहे. नवे दात बसवलेत, पण ते वाटीत काढून ठेवून बोलते. काय बोलली ते आपण ओळखायचं.

हे पाचवं पत्र. आधीची चार इथेच, भिंगं घासायच्या यंत्राशेजारच्या टोपलीत गेली. एक ओळ लिहिते, उठते, काउंटर पुसते, परत बसते. आज गिऱ्हाईकही नाही, त्यामुळे पळवाट नाही.

आधी पाखरांचं सांगते. तू दुर्बीण विकलीस, कान तर विकले नाहीस. यंदा माळावरची पाखरं पार बावचळली आहेत. जिथे कधी कुणी पाहिली नाहीत तिथून नोंदी येतायत. आपल्या पुस्तकातल्या नकाशात जाड चोचीचा चंडोल आपल्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर संपतो ना? तो गेल्या महिन्यात एका परिचारिकेने आणि तिच्या नवऱ्याने जुन्या धावपट्टीच्या गवतात पाहिला. फोटोसकट. आपल्या पक्षिमित्र मंडळात नुसता कल्ला.

रविवारी सकाळी मी एकटीच गेले. तो होता. गात गात वर चढला, अंगठ्याएवढा झाला, मग गप्प झाला आणि सरळ खाली आला. शेपटीच्या कडा पांढऱ्या. मी दुर्बीण मांडीवर ठेवून गवतात बसले आणि रडले. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, हो. बिचारे माझ्याबरोबर गवतात शोधायला लागले.

बघ, पुन्हा मी कडेकडेने निघाले. मघाशी उठून शटरपर्यंत जाऊन आले. आता बसते.

नऊ वर्षांपूर्वी आपण दोघं त्याच धावपट्टीवर होतो. तू माझी बाही ओढून म्हणालास, "शेपूट बघ, शेपूट." नकाशाबाहेरच्या पक्ष्याच्या नोंदीला दोन सह्या लागतात, हा मंडळाचा नियम. तू अर्ज भरलास आणि दुसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलंस, मला न विचारता, कारण त्यात विचारायचं काय होतं. मंडळाने मला सहीला बोलावलं. सचिव हसत म्हणाले, "तुझ्या दादाचं काय, त्याला चिमणीतही गरुड दिसतो. तू नीट पाहिलंस का?" त्याच महिन्यात मला नोंदी तपासणाऱ्या समितीत घ्यायचं घाटत होतं. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं.

नोंद रद्द झाली. तुला सगळे 'चंडोलशेठ' म्हणायला लागले. तू भांडला नाहीस. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एवढंच विचारलंस, "तुला दिसला नव्हता का गं?" मी कांदा चिरत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "नाही रे."

दिसला होता, दादा. तुझ्या आधी दिसला होता. तू 'शेपूट बघ' म्हणालास तेव्हा माझी बघून झाली होती.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारते, आता दिसतंय का, आणि आता? लोक खरं सांगतात. सुट्टीच्या दिवशी समितीत बसून मी इतरांच्या नोंदी कापायचे. माझ्या तोंडाला कुलूप आणि हातात लाल पेन.

काल बैठक होती. नव्या नकाशात चंडोलाची पहिली नोंद परिचारिकेच्या नावावर लागणार होती. मी उभी राहिले. म्हटलं, पहिली नोंद नऊ वर्षांपूर्वीची आहे, दोघांनी पाहिलेली. सचिव म्हणाले, "मग तेव्हा तू काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं."

मी समितीतून नाव काढून घेतलं. थांब असं कुणी म्हटलं नाही. फक्त ती परिचारिका जिन्यात गाठून म्हणाली, "अहो, आम्ही दुसरे असलो तरी चालेल, तुमच्या दादांना कळवलंत का?" घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. तिने वाटीतले दात काढून बसवले आणि स्पष्ट म्हणाली, "हे मला काय सांगतेस? त्याला सांग."

जुनी नोंद उघडायची तर दोन्ही सह्या नव्याने हव्यात. अर्ज सोबत जोडलाय. नकाशा वीस तारखेला छापायला जातो. दुसऱ्या रकान्यात माझी सही आहे, पहिला तुझ्यासाठी रिकामा. तू सही केली नाहीस तर नोंद रद्दच राहील आणि तुला कसलीही बोलणी मी खाऊ देणार नाही. काल बोलले ते मी मागे घेणार नाही. चार पत्रं फाडली ती एका शब्दापाशी अडून, तो इथे लिहून टाकते. माफ कर.

चंडोल अजून तिथेच आहे. सकाळी त्या जागी ऊन पाठीमागून येतं, डोळ्यांवर येत नाही.

तेव्हाही येत नव्हतं.

तुझ्याबरोबर तो पाहिलेली,
धाकटी