आईला कबर नाही

बाबा, आज ईस्टर; पहाटे चर्चच्या मंडळीबरोबर दफनभूमीत जाऊन आलो आणि घरी येताच तुम्हांला लिहावयास बसलो. माझ्या लहानपणीही या पुनरुत्थानाच्या रविवारी प्रत्येक घरचे लोक आपापल्या माणसांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावीत. आपण दोघे मात्र फाटकाशीच उभे राहत असू, कारण आईला कबर नव्हती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला त्या सुमारास ती बाळंतपणासाठी मोताळ्याला माहेरी गेली आणि बाळंत होण्याआधीच तेथे वारली. मला घेऊन तुम्ही चिखलीहून बैलगाडीने पोहोचेपर्यंत मामांनी त्यांच्या हिंदू रीतीप्रमाणे तिला अग्नी दिला होता. तुम्ही राखेपाशी पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा भावकीतील कोणी कुरकुरले. थोरले मामा त्यांना म्हणाले, "वाचू द्या त्याहीले. जवाईबापू, बहीण आमची होती, पण बायको तं तुमचीच होय ना."

पुढे एकदा तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापीत आहात आणि मी विचारतो, "सगळे कबरीतून उठतील. आई कशातून उठेल?"

"मले नाही मालूम," तुम्ही म्हणता. मंडळीच्या प्रचारकाने असे म्हणावे, याचा मला धक्का बसतो. मग भाकरी उलटवून तुम्ही म्हणता, "त्या बाया येशूच्या कबरीवर गेल्या, तं तिथं काय होतं? काहीच नाही. तरी त्याहीले तो उठल्याची खुशखबर भेटली का नाही? आपल्याले तं कबरबी नाही. जेव आता."

ही पळवाट आहे, असे मी ठरवून टाकले. शाळेत शिकवू लागलो, तुमची बोली सुधारीत राहिलो, तुम्हांला मूठमातीही दिली. परंतु उपासनेत 'शरीराचे पुनरुत्थान' हे शब्द उच्चारताना दर वेळी मनात येई, राखेचे काय?

आज मी तुमच्या कबरीपाशी होतो. फाटकाशी आपल्या मंडळीतील एक विधवा एकटीच उभी दिसली. तिचा मुलगा लढाईवर ब्रह्मदेशात गेला, तो तिकडेच पडला. प्रेतही मिळाले नाही. मी जवळ गेलो, तशी ती म्हणाली, "गुरुजी, हे सारे आपापल्या माणसापाशी उभे हायेत. मी कुठी उभी राहू? माह्या पोराले उठवायले देवाले तो सापडन काय?"

मी योग्य शब्दांची जुळवाजुळव करीत होतो, तोच तुमचेच उत्तर माझ्या तोंडून निघाले, तेही तुमच्याच बोलीत. "बाई, त्या बायाहीले बी कबरीत काही नाही भेटलं."

"हाव," ती म्हणाली, "थेबी खरं हाय." आणि पदराने वारा अडवून तिने मेणबत्ती तेथेच लावली.

तिचे समाधान करण्यापुरते मी ते बोललो नव्हतो. बोलताना ते मला खरे वाटले, आणि अजूनही वाटते आहे. राखेचे काय, हे मला कळलेले नाही; पण तुम्हांलाही ते कळले नव्हते, आणि तरीही तुम्ही दरवर्षी फाटकाशी जाऊन उभे राहत होता. येताना गुडघे दुखत होते, तरी किती हलके वाटत होते म्हणून सांगू.

हे पत्र कोठे पाठवावयाचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. आईचा चेहरा मला आठवत नाही. आजवर त्यावाचून काही अडले नव्हते. आता ती भेटणार असे वाटू लागले आहे, तेव्हा त्या वेळी तुम्ही जवळ असा, आणि तिला आधी तुम्ही हाक मारा.