नऊ वेळा ‘मी’

३ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात मुद्रितं तपासून डोळे शाबूत आहेत ना? इकडे खजिना सापडलाय! नवशिक्या शास्त्रज्ञांना वाट दाखवणारी एक संस्था आहे, तीही फुकट. मुरलेले लोक दर रविवारी येऊन आमचे अर्ज तपासतात, ओळखी करून देतात. सल्ला द्यायला एक निवृत्त रसायनतज्ज्ञ बाई मिळाल्यात. जीभ करवतीसारखी, पण माणूस लाखमोलाचा.

कालच्या मेळाव्यात प्रयोगशाळांचे प्रमुख आले होते. प्रत्येकाला काम सांगायला एक मिनिट. धान्यातले सोंडे विषाशिवाय पकडायला आम्ही सापळा कसा केला, ते एकमेकांना ज्या वासाने बोलावतात तो वास आम्ही ओळखला, सगळं घडाघडा सांगितलं. एका प्रमुखांनी विचारलं, यातलं तुम्ही काय केलं? म्हटलं, सगळ्यांनी मिळून केलं. ते गोड हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बाई म्हणाल्या, आम्ही-आम्ही करून तू स्वतःलाच पुसलंस.

इथली नोकरी एप्रिलअखेर संपतेय. दुसरी मिळाली नाही, तर सोंड्यांना कायमचा रामराम. पण तीन आठवड्यांनी पुन्हा मेळावा आहे, आणि ते प्रमुखही येणार आहेत!

लोभ असावा, लाल पेन्सिल नसावी.

तुमची सोंडेबाई

९ मार्च

चि. सोंडेबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझंच पत्र परत पाठवतोय. लाल पेन्सिल आहेच! ‘वास आम्ही ओळखला’ यातल्या ‘आम्ही’वर काट मारून वर ‘मी’ लिहिलंय. दोन वर्षं बरण्या हुंगत कोण बसलं होतं?

चूक माझी आहे. सातव्या वर्षी तू पहिलं पत्र लिहिलंस: ‘मी पडले. मी रडले नाही. मी शूर आहे.’ तिन्ही ‘मी’ खोडून समासात लिहिलं, मी-मी शेळी करते, माणसाने करू नये. केवढा शहाणा मी! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि स्वतःची एवढी मोठी नजरेतून सुटली. फार लागलं मनाला. आता ‘मी’ म्हण. केलंस तेवढ्यालाच, पण ठणठणीत.

आशीर्वाद आहेतच, धीर तेवढा तुझा तू गोळा कर.

तुझा मामा

३१ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, नोकरी मिळाली! नेमणुकीचं पत्र हातात पडल्यापासून मी जमिनीवर नाही.

बाईंनी रोज घोटवून घेतलं. पहिले चार दिवस तो शब्द आला की मी अडखळायचे. मेळाव्यात तेच प्रमुख समोर आले आणि मी सुरू झाले. सापळा आमच्या गटाचा. पण सोंडे एका फुटक्या बरणीच्या बुचावरच जमतात, हे मी हेरलं. सगळे ते बूच फेकायला निघाले होते, ते मी जपलं. त्यातला वास मी वेगळा काढला. त्यांनी खुर्चीच ओढून घेतली! एका मिनिटाचा पाऊण तास झाला, आणि शेजारचे मी मी म्हणणारे ताटकळत राहिले.

१ मेपासून रुजू होतेय. आणि दर रविवारी मी संस्थेत नव्यांचे अर्ज तपासणार. एक मुलगी आलीय, तीही आम्ही-आम्ही करते. तिच्यासाठी तुमची लाल पेन्सिल मिळेल का?

लोभ आहे, पेन्सिलही असावी.

तुमची सोंडेबाई

५ एप्रिल

चि. सोंडेबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र नेहमीसारखं तपासलं. ‘मी मी म्हणणारे’ धरून नऊ ‘मी’ आहेत. एकही खोडला नाही.

पाकिटात पेन्सिल आहे. बोटभर उरलीय, त्या मुलीला पुरेल. छापखान्यात सगळ्यांना सांगून आलो, भाचीला लिहायला मी शिकवलं. तो ‘मी’ मात्र तू खोडलास तरी चालेल.

तुझा मामा