पोरगी पाठ म्हणते, वाचत नाही

बाबा, मले तुमचा लय राग येऊन राहिला. तुमी गेले तेव्हा तुमची नात माह्या पोटात होती. आता ती भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत पयलीत आहे, अन् तिच्या म्याडमनं मले बोलावलं होतं. मी गेली. आमच्या कारध्याहून नदीचा पूल ओलांडून, तुमच्या जावयाच्या ऑटोत. म्याडम बसा म्हणे, मी उभीच राहिली. त्यायनं पोरीसमोर पुस्तक उघडलं. पोरगी खडखड म्हणत गेली, मराठीचं पान अन् इंग्रजीचं भी. मले वाटलं, झालं, आता शाबासकी देतीन. मंग म्याडमनं चित्रावर हात ठेवला अन् मधातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे, बेटा?" पोरगी माह्या तोंडाकडं पाहे. पानावरचं सोडून माह्या तोंडावर शोधे.

"तुमची मुलगी वाचत नाही हो, पाठ म्हणते," म्याडम म्हणे. "घरी कोण शिकवतं?"

मी म्हणलं, मीच. म्याडम दिवाळीपर्यंत पाहू म्हणे, नाही तर खालच्या वर्गात बसवावं लागेल.

घरी येता येता तुमचे जावई ऑटो चालवत म्हणतात, "नसन जमत तं काढून टाकू. इंग्रजी कायले पायजे?" ते वाईट मनानं नाही बोलले. पण ते 'काढून टाकू' आयकलं अन् मले तुमी दिसले, पवनीच्या घरी मागावर बसलेले, धोटा हातात, पाठ माह्याकडं. पाचवी झाली होती माही. तोंड भी फिरवलं नाही तुमी. "बाई, आता शाळेतून काढून टाकतो तुले, तुह्या मायच्यानं एकटीनं सुताच्या कांड्या भरनं होत नाही." अन् दुसऱ्या दिवशी माह्यासाठी नवा चरखा आणला, लाल रंगाचा, माह्या उंचीचा. गल्लीतल्या पोट्ट्या पाहाले आल्या. मी खुश होती, बाबा! शाळा सुटली अन् मी नाचत होती. याचाच मले जास्त राग येते. मारून काढली असती तं मी रडली असती, कोणीतरी पाहिलं असतं. तुमी मले हसत हसत काढली.

अन् शिकवाची तऱ्हा भी तुमचीच आली माह्याकडं. लुगड्याचा काठ विणाले कसा शिकवला होता तुमी? मांडीजवळ बसवाचं, हात चालवाचा, तोंडानं म्हणाचं. दोन तार उचल, एक सोड, दोन उचल, तीन सोड. मी तुमच्यामागं म्हणत जाओ. काहून उचलाचं ते तुमी कधी सांगतलं नाही, मी कधी विचारलं नाही. म्हणता म्हणता हात शिकला. डोये मिटून काठ काढे मी. मंग पोरीले शिकवाची वेळ आली तं मले दुसरं काय येते? मांडीवर घेतली, तिचं बोट धरलं, मी म्हणे, ती मागं म्हणे. एक पान मराठी, एक पान इंग्रजी. झुलत झुलत. महिनाभरात पुस्तक तोंडपाठ! मी शेजारणीले दाखवलं, "पाहा वो, माही पोरगी दोन्ही भाषा वाचते." कापड असं शिकता येते, पुस्तक नाही, हे मले कोणी सांगाचं होतं? तुमीच ना? तुमाले विणनं भी येत होतं, वाचनं भी. गल्लीतले लोक तुमच्याकडून कागद वाचून घेत. माह्याजवळ एक दिवस तरी पाटी घेऊन बसले काय?

आता मी चित्रावर ताट ठेवते. पान शेवटून विचारते. पोरगी चिडते, "मम्मी, असं नाही राहत, पयले पयलं म्हण ना!" मी वरडते. ती रडते. इंग्रजीचे कितीतरी शब्द मलेच येत नाही, तं अंदाजानं हो म्हणते, अन् भेव वाटते का मी चुकीचंच तिच्या डोस्क्यात भरून राहिली. दिवाळी जवळ आली. तुमचे जावई रोज विचारत नाही, पण पाहतात.

काल मी भाजीले फोडनी देत होती. पोरगी मिठाचा पुडा घेऊन खाली बसली. बोट ठेवून एक एक अक्षर. "मी... ठ." मंग खालचं इंग्रजी, लय वेळ लागला तिले, ओठ हलवत होती. "सॉ... सॉल्ट." अन् एकदम वरडली, "मम्मी, दोन्हीकडं एकच लिवलं आहे!"

हे मी तिले शिकवलं नोतं. त्या पुड्यावर काय काय लिवलं राहते, मी कधी पाहिलंच नोतं. मी खुश व्हाले पायजे होती ना? मी पुडा तिच्या हातातून वढला अन् म्हणलं, "सांडशीन, ठेव तिकडं."

मले तिचा हेवा वाटला, बाबा. सहा वर्षाच्या लेकराचा. तुमच्या जावयाले सांगू शकत नाही, मायले तं नाहीच. तुमाले सांगते, तुमी आयकून कोणाले सांगाल? कधी वाटते, मागावर बसल्या बसल्या तुमालेही माह्याबद्दल असंच काही झालं असन. झालं असन तं मले ते समजते. पण माफ नाही करत. तुमी मोठे होते.

पुडा मी तिले परत दिला. म्हणलं, वाच बेटा, पुन्हा वाच. पण लगेच नाही दिला. भाजी पूर्ण शिजू दिली मी.