शंकू उलटा कोणी बसवला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, हवामानशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, गुडघे सोडले तर धडधाकट, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. यापूर्वी रागाच्या भरात लिहिलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

वकीलबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी दोन गोष्टी बजावल्यात. एक, पाल्हाळ नको. दुसरी, साक्षीदार असा हवा की ज्याला यातून एक चमचाही मिळणार नाही. "मिळणाऱ्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, काकू, तर त्याचं मिळायचं ते गेलं." दुसरी गोष्ट मी नक्की पाळेन.

कलम १. घराचा तळमजला माझ्या पतींना. वरचा मजला धाकट्या बहिणीचा आहेच, त्याबद्दल मला बोलायचं नाही. आम्हा तिघांचा विषय एकच: ग्रहीय लाटा. ग्रह गोल असतो आणि स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या हवेत आणि पाण्यात हजारो किलोमीटर लांबीच्या संथ लाटा उठतात. त्यांची खोड अशी की त्या ग्रहाच्या फिरण्याच्या उलट, म्हणजे पश्चिमेकडे जायला बघतात. माझ्या हवेतल्या लाटांना जोराचा वारा पूर्वेला ओढून नेतो, पण त्यात लाटांचा दोष नाही. धाकटीचा विषय समुद्र. तिची लाट महासागर ओलांडायला वर्षं लावते आणि तिला त्याचा अभिमान. मी म्हणायची, सावकाश कसली, आळशी आहे. मग हे पेपरातून डोकं काढून म्हणत, "तुमच्या लाटा माझ्या सूर्यावरही सापडल्यात बरं का!" यांचं काम प्लाझ्मावर, म्हणजे सूर्यावर आणि अंतराळात असतो त्या विजेने भारलेल्या वायूवर. यांनी तोंड उघडलं की आम्ही दोघी भांडण विसरून यांच्यावर तुटून पडत असू. फार चांगले दिवस होते.

कलम २. ठेवी आणि दागिने मुलीला. तिला हॉलमध्ये नवा सोफा हवाय, तो तिने खुशाल घ्यावा. टाकीच्या जागी ठेवू नये.

कलम ३. टाकी. हॉलमध्ये शिलाई मशीनच्या मोटरवर फिरणारी गोल काचेची टाकी आहे. तिच्या तळाशी पत्र्याचा पसरट शंकू बसतो. त्याच्यामुळे पाणी मध्ये उथळ आणि कडेला खोल राहतं, म्हणजे मध्यभाग हा आपला ध्रुव. टाकी फिरवून निळा रंग सोडला की ग्रहावरच्या लाटा घरबसल्या दिसतात, आणि शहाण्यासारख्या पश्चिमेकडे जातात. ही टाकी मी आणि धाकटीने मिळून बनवली.

माझ्या निवृत्तीच्या भाषणाला सभागृह खचाखच भरलं होतं. मी ऐटीत म्हणाले, "आता बघा, लाट पश्चिमेला निघेल." निघाली पूर्वेला! शंकू उलटा बसला होता. मध्ये खोल, कडेला उथळ. मग लाट बिचारी दुसरं काय करणार?

टाकी धुऊन शंकू बसवला होता धाकटीने. तिचं म्हणणं, तिने सुलटाच बसवला. मी "नीट बसलाय का" म्हणून काढून पाहिला आणि ठेवताना उलटवला. मी काढून पाहिला हे खरं. उलटवला हे साफ खोटं. मी माइकवर म्हणाले, "बहिणीला कामाला लावलं की हे असं होतं." सभागृह हसलं. ती उठली, घरी आली आणि जिना चढून वर गेली, ती गेलीच.

तेव्हापासून आमचं बोलणं यांच्यामार्फत चालतं. "तिला सांगा, पाण्याची मोटर बंद कर." "ताईला सांगा, केव्हाच केलीय." जिना चढून-उतरून यांचं वजन मात्र छान उतरलं.

टाकी कोरडी पडून आहे. एकीने वेग सांभाळायचा, दुसरीने रंग सोडायचा, असं ते दोघींचं काम. यांना सांगितलं तर हे रंग सतरंजीवर सोडतात. म्हणून टाकी, मोटर आणि शंकू माझ्यामागे धाकटीला द्यावेत. अट काही नाही. मला तिची आठवण येते. एकाच घरात राहून आठवण यावी हा काय प्रकार आहे! पण येते.

कलम ४. माजी विभागप्रमुखांना माझं होकायंत्र. त्यांनी त्या उलट्या लाटेचे फोटो काढून 'पूर्वगामी लाटेचा शोध' म्हणून निबंध छापला आणि गुपचूप मागेही घेतला. उतारवयात दिशा माहीत असलेली बरी.

पुरवणी. वकीलबाई नको नको म्हणत असताना लिहिते आहे. पहिले साक्षीदार म्हणून घरच्या डॉक्टरांनी सही केली. दुसरे साक्षीदार समोरचे पेन्शनर. ते डोळ्यांत औषध घालून आले, त्यांना कागदच दिसेना. हे तेवढ्यात वर जाऊन कलम ३ शब्दन् शब्द सांगून आले. मी सांगा म्हटलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. यांची नव्हेत, हे तर खुर्चीत.

धाकटी आली. कागद उभ्यानेच वाचला. वकीलबाईंना विचारलं, "मी सही केली तर टाकी मला मिळणार नाही ना?"

"नाही, मावशी. ते कलम गेलंच म्हणायचं."

"पेन द्या."

मी ओरडले, "अगं वेडाबाई, टाकी जाईल!"

यांच्याकडे नाही, चक्क माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू मेल्यावर मला ती घेऊन काय करायचंय? एकटीने फिरते का ती? ऊठ. पाणी भर. शंकू कुठाय?"

ठिकाण: तळमजला, टाकीशेजारी.
दिनांक: १२, मंगळवार.

सही: मृत्युपत्र करणारी, म्हणजे ताई.

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. (गुडघ्यांबद्दलचं विधान बरोबर आहे.)

साक्षीदार २: धाकटी बहीण, वरचा मजला. (शंकू ताईनेच उलटवला होता.)

धादांत खोटं. – ताई

कागदावरचा निळा डाग शाईचा नाही, खाडाखोड समजू नये. लाट पश्चिमेला गेली. आम्ही दोघींनी पाहिली.