प्लगला लावलेले पाहुणे

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिली उगवली ती केकवाली. कंपाउंडर सहाला येतो म्हणाले होते ते पावणेसातला आले, आणि गाडीतून उतरायच्या आधीच बायकोवर डाफरत होते. म्हणे हिला तासभर चष्मा सापडत नव्हता आणि तो हिच्याच डोक्यावर होता. कंपाउंडरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला दिसत होता तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, मला वाटलं तू तिथूनच बघतेस. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

ही वही नातीनं हॉस्टेलला जाताना दिली. म्हणाली, आजी, मी नाही तर हिच्याशी बोल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यात तिसरी दोनदा, म्हणजे पाचवी धरायला हरकत नाही.

काय सांगत होते? हां, गाड्यांचं. आमचं घर तळमजल्याचं. पुढे गाडीपुरती शेड, तिच्या भिंतीवर विजेची गाडी चार्ज करायचा डबा, डब्याखाली एक साधा मोठा प्लग. गाडी सुनेची. ती दवाखान्यात नर्स आहे, दुपारी बाराला गाडी घेऊन जाते ती रात्री साडेनऊला येते. मुलाचं रंगाचं दुकान, तोही नऊच्या पुढेच. तोवर डबा रिकामा आणि मीही रिकामी. कंपाउंडर मागच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर राहतात, आता रिटायर झालेत. हौसेनं विजेची गाडी घेतली आणि खाली प्लगच नाही. केकवाली पलीकडच्या गल्लीतली, घरोघर केक पोचवते. तिच्या बिल्डिंगमध्ये प्लगवरून भांडण चाललंय. बाहेरच्या चार्जिंगवाल्यानं भाव वाढवलाय, वर रांग. मी म्हटलं, मग आमच्याकडे लावा की! आपल्या चहाबरोबर दोन कप जास्त टाकले तर गॅस काय वेगळा लागतो?

आणि मला एक शोध लागला. पेट्रोलच्या गाडीवर आलेला माणूस चप्पलसुद्धा काढत नाही, दारातूनच निघतो म्हणतो. विजेची गाडी प्लगला लावली की माणूस जागेवर! भरेपर्यंत जाणार कुठे? तीन-तीन तास बसतात. आणि तीन तास बसला की माणूस बोलून बोलून शेवटी खरं बोलायला लागतो.

मुलाला सांगायचंय. सवडीनं सांगेन. दमून येतो बिचारा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

केकवालीनं डब्याला गाडी लावली आणि चाळीस मिनिटांत, पुरे झालं आजी, म्हणून निघाली. तिच्या नणंदेचं लग्न मोडलं की कुणी मोडवलं, हे अर्ध्यातच राहिलं. हा डबा फार घाईचा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

केकवालीला सांगितलं, डबा बिघडलाय, खालच्या प्लगला लाव. खोटं असं नाही. कधी ना कधी बिघडेलच. त्या प्लगवर गाडी मुंगीच्या पावलानं भरते. सव्वातीन तास बसली. लग्न नणंदेनं स्वतःच मोडलं, आणि बरं केलं.

शिवाय हळू पिते म्हणजे कमीच पीत असणार. लहान मुलाला चमच्यानं दूध पाजलं की वाटीभर पुरतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाइटबिल आलं. मुलगा जेवता जेवता फोनमध्ये बघत होता, घास हातातच राहिला. मग मला समजावत बसला. वीज म्हणे जिन्यासारखी असते. जितकी जास्त वापरू तितकं वरच्या पायरीवर जातो, आणि वरच्या पायरीचा भाव जास्त. त्यातून संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यात महाग. म्हणून तर त्यानं सुनेची गाडी मध्यरात्रीनंतर भरायची, असं लावून ठेवलंय. मी विचारलं, सहा ते दहा म्हणजे सहा धरून की सहा सोडून? तो म्हणाला, आई, तुला काय करायचंय?

खरंच, मला काय करायचंय.

सून म्हणाली, पेट्रोलचे किती वाचतात तेही बघा. तो म्हणाला, वाचलेले सगळे हे बिल गिळतंय.

ठरवलं. उद्यापासून पाहुण्यांना नाही म्हणायचं. गोड शब्दांत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी

फ्रीजसमोर उभी राहून नाही म्हणायची तालीम केली. छान जमलं. फ्रीजला अजिबात राग आला नाही.

तोच दिवस, संध्याकाळी

कंपाउंडर आले ते लंगडत. गुडघा धरलाय. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला काय नाही म्हणायचं? माणुसकी आहे की नाही? सोमवारपासून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तोड सापडली! नाही म्हणायची गरजच नाही. भरपाई करायची. घरात एकटी असताना पंखा लावायचा नाही. (थंडी आहे, पण तरी तो धरायचा.) दिवा लावायचा नाही. आणि दुपारी बारा ते सहा फ्रीज बंद. सहा तास फ्रीज बंद म्हणजे सहा तास गाडी फुकट. हिशेब चोख. हे मुलाला कळलं तर शाबासकीच देईल. पण आत्ता नको सांगायला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दूध नासलं. सून म्हणाली, कालच तर ताजं आणलं होतं. मी म्हटलं, हल्लीच्या दुधाचा काही भरवसा नाही बाई. ती जाऊन दूधवाल्याशी भांडून आली. तो बिचारा आपला हात जोडत होता म्हणे.

मला त्याच्या दुकानासमोरून जाववलं नाही. पलीकडच्या बाजूनं गेले तर कंपाउंडरीणबाई भेटल्या, त्यांना वाटलं मी त्यांच्याकडेच निघाले. मग जावं लागलं. चार मजले!

उद्यापासून फ्रीज चालू. पाहुण्यांचं नंतर बघू.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुसरं बिल. पहिल्याच्या दीडपट.

मुलानं घरभर फिरून एकेक वस्तू बघितली, हरवलेलं काही शोधावं तशी. गाडीनं किती वीज घेतली ते त्याला फोनमध्ये दिसतं. गाडी निर्दोष सुटली. मग खातंय कोण? गिझर, म्हणाला. सून रात्री आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करते. दिवसभर पेशंटना कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं, कंबरेचा पार भुगा होतो तिच्या. तो म्हणाला, अर्धा-अर्धा तास गिझर चालतो. ती म्हणाली, दहा मिनिटं. तो म्हणाला, आई घरात असते, आई सांगेल.

मी म्हटलं, पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येतो खरा.

असं का म्हटलं मी? आवाज येतो, हे खरंच आहे. खरं तेच बोलले.

त्यानं गिझरचं बटण बंद केलं आणि वर चिकटपट्टी लावली. सून उठली, तिचं ताट उचललं, माझंही उचलून नेलं. मी अजून जेवत होते.

१६ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी केकवाली येऊन गेली. तिला नाही म्हणणारच होते, पण तिनं गाडीतून उतरतानाच हातात डबा ठेवला. अख्खा केक, माझ्यासाठी. मग ओठावरचं ओठावरच राहिलं.

रात्री सून आली. न्हाणीघरातून गार पाण्याचा आवाज. एकेक तांब्या. प्रत्येक तांब्यानंतर ती हूं करते, दबून. मी मोजले, अकरा. काल तिला म्हटलं होतं, गॅसवर पाणी तापवून देते. म्हणाली, नको आई, त्याचंही बिल येतं.

केक चांगला होता. घशाखाली उतरला, हेच वाईट.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सुनेची कंबर धरली. काल कामावरच वाकली ती सरळ होईना. तिथल्याच दोघी नर्सनी धरून घरी आणली. आठवडाभर रजा.

आणि आज कंपाउंडर यायचे होते! धावत फोनपाशी. सांगितलं, घरात आजारपण आहे, येऊ नका. ते म्हणाले, मग बघायला येतो, येताना गाडीही लावतो. नको, म्हटलं. म्हणाले, अर्धा तास फक्त. अजिबात नको, म्हटलं. केकवालीलाही तेच.

म्हणजे मला नाही म्हणता येतं. स्वतःवर आलं की येतं.

दुपारी तिच्या कंबरेला मलम चोळलं. पालथी पडूनच म्हणाली, आई, तुमचे हात किती गरम आहेत हो. मला तिथल्या तिथे धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता हात थांबवावेत की चोळत राहावं, तेही कळेना. चोळत राहिले.

आज सांगणार होते. पण दुखण्यातल्या माणसाला असं काही सांगू नये.

२ जानेवारी, शुक्रवार

मीटर पळतं अशी तक्रार मुलानं मला न विचारताच केली होती. सकाळी मीटरवाला आला. मुलगा दुकानात गेला नव्हता, सूनही कंबरेला पट्टा लावून बाहेर येऊन बसली. मीटरवाल्यानं खोलून बघितलं, काहीतरी जोडलं, म्हणाला मीटर शहाणं आहे. मग पिशवीतून कागद काढला. हे मीटर म्हणे तासातासाची नोंद ठेवतं. मला वाटायचं ते नुसतं मोजतं. ते लिहूनही ठेवतं, माझ्यासारखं!

कागदावर रेघा. त्यानं बोट ठेवलं. हा गिझर, रात्रीचा. करंगळीच्या पेराएवढी रेघ, आणि तीन आठवडे तर तीही नाही. ही तुमची गाडी, मध्यरात्रीनंतर. आणि हा बघा डोंगर. बरेच दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ. पाहुण्यांना बोलावल्यासारखी वीज जाते, म्हणाला. अगदी हेच शब्द.

त्यानं विचारलं, सहा ते नऊ घरी कोण असतं?

मुलगा म्हणाला, कोणी नाही. फक्त आई.

सून माझ्याकडे बघत होती. मी कागदाकडे. मग ती कंबर धरून उठली, गिझरच्या बटणापाशी गेली, चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली आणि बटण लावलं. कुणाला विचारलं नाही.

मीटरवाल्याला चहा दिला. पिऊन उठला तर मी म्हटलं, बसा ना अजून. तो गेला की मग आम्ही तिघंच.

मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि आत जाऊन पडले. डोकं दुखत नव्हतं.

३ जानेवारी, शनिवार

सांगितलं. चहा व्हायच्या आत, दोघांसमोर. कंपाउंडर, केकवाली, डबा बिघडल्याची थाप, फ्रीज, दूध, सगळं. पाण्याच्या आवाजाचंही.

मुलगा म्हणाला, आई, मला एकदा सांगायचंस तरी. मी मनात म्हटलं, कधी रे? तू येतोस साडेनऊला आणि जेवतोस फोनकडे बघत. तोंडानं म्हटलं, चुकलं. मनातलं खरं होतं, पण तेवढ्यानं तोंडातलं काही कमी होत नाही. त्यानं तीन आठवडे बायकोला गार पाण्यात ठेवलं ते माझ्या एका वाक्यावर. तोही मान वर करत नव्हता.

सून म्हणाली, आधी दूधवाल्याची माफी मागून या. माझं नंतर बघू.

गेले. तिथे चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यासमोर मागितली. दूधवाला म्हणाला, कुठलं दूध? नोव्हेंबरचं, म्हटलं. तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. हसू दे.

परत येऊन तिची मागायला गेले तर ती अंघोळीला गेली होती. दाराबाहेर उभी राहिले. आत गरम पाणी पडत होतं. बराच वेळ. पडू दे म्हटलं, टाकी रिकामी होईपर्यंत पडू दे. बाहेर आली तेव्हा वाटेत जुळवलेलं एक अक्षर आठवेना. नुसती हात जोडून उभी. ती केस पुसत म्हणाली, आई, सरका जरा, तिथे ओलं आहे, पडाल.

माफ केलं की नाही, कळलं नाही. विचारायचा मला हक्क नाही.

५ जानेवारी, सोमवार

मुलानं डब्याला कुलूप लावलंय, खालच्या प्लगलाही झाकण. किल्ली सुनेकडे. आज ती कामावर गेली.

सहाला कंपाउंडर दोघं आले. मी गेटपाशीच सांगून टाकलं, प्लग बंद झाला, पण तुम्ही या, चहा ठेवते. काल निवडून ठेवलेले मोठे कप काढले होते. कंपाउंडर म्हणाले, गाडीत अठराच टक्के आहेत हो, मग रांगेत नंबर लावायला हवा. तरी बसले. नऊ मिनिटं. घड्याळ मी बघत नव्हते, तेच बघत होते. आत चहा गाळेपर्यंत बाहेर चपला घालून झाल्या होत्या. केकवाली तर उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, आजी, डबा दुरुस्त झाला की फोन करा हं.

चहा परत पातेल्यात ओतला. सुनेला रात्री गरम करून देईन. घेतला तर घेतला.

जाताना कंपाउंडरीणबाई मात्र गाडीच्या दारातून वळून म्हणाल्या, ताई, आम्ही काय प्लगसाठी येतो होय? नुसतं बसायला येऊ की, गुरुवारी. येत्या की त्याच्या पुढच्या, हे विचारायला मी गेटपर्यंत गेले, पण या विजेच्या गाड्यांचा आवाज येत नाही. निघालेली कळतच नाही.

गुरुवार म्हणाल्यात. लिहून ठेवते. गुरुवार.