पाठवलेले मोजावे की विकलेले

झाशी,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. न्यायालयाने तुझा आणि देविकाचा विवाह विसर्जित केला, पण त्या आदेशात मेहुणेपणाच्या विसर्जनाचा उल्लेख कुठेही नाही. मी तो आदेश डोळ्यांत तेल घालून वाचला आहे. सबब, मेहुणा या पदावर अस्मादिक अद्याप विधिवत विराजमान असून त्याच अधिकारात हे पत्र लिहीत आहेत. फोन केला असता. पण फोनवर तू 'हो हो, बघतो' म्हणतोस आणि विषय पुण्याच्या वाहतुकीकडे वळवतोस. कागदावर तुला ती सोय नाही.

प्रथम कुशल. देविकाची बँकेने मऊरानीपुरला बदली केली आहे. रोज बसने जाते-येते, आणि घरी परतल्यावर चहा होईपर्यंत तिच्याशी संभाषण करण्याचे धाडस मीही करत नाही. तुमची चारुता दहावीत गेली. माझ्या कानापर्यंत आली आहे. तू शेवटचा आलास तेव्हा ती माझ्या खिशातला पेन मान वर करून काढत असे, त्यावरून काय तो हिशेब कर.

आता मुख्य वृत्तान्त. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील मराठी वादविवादाचे परीक्षकपद माझ्याकडे चालत आले, कारण उरलेल्या दोन सुयोग्य विद्वानांपैकी एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा सुरतेला असतो. स्पर्धकांचे दुर्भिक्ष्य असे की विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मुलांनाच द्यावे लागले. त्यांनी निवडलेला विषय असा: व्हिडिओ गेमच्या कन्सोलचे यश मोजताना कंपनीने दुकानांकडे पाठवलेले नग धरावेत, की गिऱ्हाइकांनी प्रत्यक्ष विकत घेतलेले? अध्यक्षा अनुसूयाकाकूंनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मला विचारले, "हृषीकेश, यात देशाचं काही आहे का रे?" मी म्हणालो, "आहे काकू, पण जपानचं." त्यांनी संमती दिली.

परीक्षकाने अज्ञानी असू नये, म्हणून मी या शास्त्राचे यथामति अध्ययन केले. मिलिंदा, या एका प्रश्नावर आंतरजालावर जे रणकंदन चालते, त्यापुढे कुरुक्षेत्र म्हणजे शेजाऱ्यांची कुरबूर. कंपनी गर्जना करते की आमचे इतके लक्ष नग गेले. प्रतिपक्ष म्हणतो, गेले खरे, पण दुकानाच्या माळ्यावर. मग आकड्यांवर आकडे, मातांचे उद्धार, आणि अंती कोणाचेही मतपरिवर्तन नाही. मला फार घरच्यासारखे वाटले.

चारुता उभी राहिली ती पाठवलेल्यांच्या बाजूने. तिचे मराठी तुला आठवते तसेच आहे: क्रियापदापर्यंत पायी येते आणि तिथून हिंदीच्या टेम्पोत बसते. समोर निरंजन, बबीना छावणीतल्या सुभेदार उत्तमरावांचा मुलगा, इयत्ता आठवी, मूळचा साताऱ्याचा, अस्खलित. तरी ही डगमगली नाही. म्हणाली, "दुकानदार काही पागल नसतो. कोणीतरी वाट बघतंय हे त्याला मालूम असतं, म्हणूनच तो माल मागवतो. जिथे पेटी पोचली, तिथे वाट बघणारं माणूस आहेच. अजून उघडली नाही, इसका मतलब ये नहीं की ती खोटी आहे. म्हणून पाठवलेलं मोजायचं." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या, विषय न कळता, केवळ आवाजावरून.

मग निरंजन उठला. पोराच्या मनात काही पाप नव्हते. त्याला फक्त जिंकायचे होते. म्हणाला, "दीदी, एक सांग. पेटी आली, कोणी उघडलीच नाही. तेवढ्यात नवीन मॉडेलची पेटी आली. तीही नाही उघडली. अशा किती पेट्या आल्या म्हणजे तू म्हणशील, की हे चाललंय ते खरं नाही?"

चारुता वेळ शिल्लक असताना खाली बसली. मी निर्णय निरंजनच्या बाजूने दिला. न्यायासनावर भाची नसते, हे वचन मी तिथल्या तिथे रचले आणि मनातल्या मनात स्वतःलाच ऐकवले. उपयोग झाला नाही.

मी कुठे येतो आहे ते तू ओळखले असशील. गेल्या तीन वाढदिवसांना तू तीन कन्सोल पाठवलेस, प्रत्येक आधीच्याहून भारी. तिन्ही पेट्या तिच्या कपाटावर आहेत, चिकटपट्टीसकट. देविकाची समजूत अशी की मुलगी तुझ्यावर रागावली आहे. माझीही तीच होती, आणि मी त्या मानी स्वभावाचे श्रेय आमच्या घराण्याकडे वळतेही केले होते.

परतताना सदर बाजारात स्कूटर थांबवली, तिला कुल्फी घेऊन दिली आणि विचारले, "त्या पेट्या उघडत का नाहीस गं?" शाळेत दोनदा नापास झालेल्या मुलाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. "मामा, बाबांनी सांगितलं होतं ना. मी येतो, मग आपण दोघं मिळून लावू, तोपर्यंत उघडू नकोस. मैंने खोल दी, तो फिर वो आके क्या करेंगे?"

तिने कुल्फीची काडी टाकली, ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "निरंजन सही बोला. तुमचा निर्णय ठीक होता. पण पुढच्या साली पण मी हीच साइड घेणार."

आणि आज सकाळी कुरियरवाला भैया चौथी पेटी घेऊन दारात उभा राहिला. चारुता शाळेत, देविका बसमध्ये. सही करायला मी एकटा. मी सही केली नाही. तो गोंधळला. "अंकल जी, क्या लिखूँ?" मी म्हणालो, "लिख दो, नहीं लिया." पेटी परत निघाली आहे, या पत्राच्या मागोमाग तुझ्या दारात येईल. ती दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे. ती काखोटीला मारून स्वतः ये. देविकाला मी विचारले आहे. ती म्हणाली, "येऊ दे. चहा मिळेल, जेवणाचं बघू." तिच्या भाषेत हा शाही सत्कार होय, हे तुला मी सांगायला नको. पण आता फोनवर पुढची तारीख घेऊ नकोस. या न्यायासनापुढे ती मिळणार नाही. कारण त्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, कपाटावरच्या तिन्ही पेट्या उघडल्या जाणार आहेत, हे मी चारुताला सांगून टाकले आहे. तू नसलास तर मी उघडीन. कोणती तार कुठे खुपसायची याचे मला शून्य ज्ञान आहे, आम्ही मामा-भाची मिळून ते शिकू, आणि त्यानंतर ती कोणाची वाट पाहणार नाही.

तुझाच,
पदावरून हटण्यास नकार देणारा मेहुणा,
हृषीकेश