ओठ हलवू नका, फ्रॉइलाइन हेलवेगे

ब्रेमरहाफेन, १५ ऑक्टोबर १९७३

आज तालमीत दिग्दर्शक फोल्कमारनं मला प्रेक्षकांकडे पाठ करून बसवलं! ज्या तोंडासाठी अख्ख्या जर्मनीनं रेकॉर्डी घेतल्या, ते तोंड मागच्या पडद्याकडे. का, तर माझे ओठ हलतात. नाटकात फ्राउ ब्रुंकेन विधवा आई झाली आहे, तिचं लांबलचक भाषण. मी मुलगी. समोर बसून जाळं दुरुस्त करायचं आणि गप्प राहायचं. पण तिचं वाक्य न् वाक्य माझ्या ओठांवर! आवाज नाही, नुसते ओठ. मला पत्ताच नव्हता.

पत्ता असणार कसा? अकरा वर्षं दुसरं केलंय काय? टीव्हीवर टेप वाजते, आपण हसत हसत ओठ हलवायचे. मागे पडले की अब्रू गेली. माझे एकदाही पडले नाहीत.

ब्रुंकेन म्हातारीनं तालीम थांबवली. "फ्रॉइलाइन हेलवेगे, ओठ हलवू नका. तुमचं बोलणं कुठं सुरू होतं तेच कळत नाही." सगळे फिदीफिदी हसले. फोल्कमार म्हणाला, "पाठीनं भागेल का, फ्राउ ब्रुंकेन?" तर म्हणते, "मला दिसतात ना ते!"

महिनाअखेरपर्यंत ओठ थांबले नाहीत, तर भूमिका माझ्या बदली ठेवलेल्या येट्टाला, असं फोल्कमारनं बजावलं. येट्टानं लगेच खाली मान घालून बुटाची नाडी बांधली. सुटलेली नव्हती.

१७ ऑक्टोबर

मासळीवाला, टपालवाला, नाटकघराचा दरवान — सगळ्यांना मी "टिली" आणि "तू". "टिली, तुझं ते लिंबाच्या आइस्क्रीमचं म्हण ना!" म्हणे आम्ही तुला पोटच्या पोरीसारखी पाहिली. पाहिलीच आहे. सोळाव्या वर्षी आईच्या केशकर्तनालयात केर काढत गात होते, तिथून उचलली. रेकॉर्ड कंपनीनं नाव ठेवलं टिली, आडनाव लावलं झोमर — उन्हाळा. तीन सिनेमे केले, तिन्हींत तळ्यात पडले आणि ओल्या कपड्यांत गायले. याला मी अभिनय म्हणत होते!

खरं आडनाव घेते एकटी ही म्हातारी. "फ्रॉइलाइन हेलवेगे, तुम्ही." नाटकघरात सगळे एकमेकांना तू म्हणतात, दिग्दर्शकसुद्धा. मलाच तुम्ही. दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

१९ ऑक्टोबर

जिन्यात मागून "सुप्रभात, फ्राउ ब्रुंकेन" म्हटलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही. माज!

२४ ऑक्टोबर

हांबुर्गहून माझा मॅनेजर झांडरचा फोन. टीव्हीवरच्या नाताळच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण एक डिसेंबरला. त्याच दिवशी आमचा पहिला प्रयोग. "टिली, राणी, चार मिनिटं ओठ हलवायचे, बास! दोन वर्षांत एक गाणं चाललं नाही तुझं. हा कार्यक्रम सोडलास तर पुन्हा कुणी बोलावणार नाही." खोटं बोलत नाही तो, हेच तर वाईट. विचार करते म्हटलं.

म्हणजे इथून हाकललं तर तिथंही काही उरायचं नाही. आणि पुन्हा तळ्यात पडायचं वय गेलं.

२८ ऑक्टोबर

उपाय सापडला! आईनं आलूबुखारचा केक पाठवला होता, त्यात एक बी राहिलेली. तशीच जिभेखाली धरून तालीम केली. ओठ हलले की बी दाताला लागते. संध्याकाळपर्यंत जीभ सोलवटली. सोलवटू दे.

३१ ऑक्टोबर

थांबले! पुरं भाषण झालं, ओठ दगडासारखे. फोल्कमार म्हणाला, "राहिलीस." म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. येट्टाच मनापासून गळ्यात पडली. चांगली पोर आहे, मी उगाच तिच्यावर दात धरला.

३ नोव्हेंबर

मेले मी! कँटीनमध्ये बिअर घेतली, हुरूप आला आणि म्हातारीसमोर ग्लास उचलून म्हटलं, "आता आपण एकमेकींना तू म्हणूया ना?" हेरिंग मासे खाणाऱ्यांचे काटे-चमचे हवेतच राहिले. मी, सत्तावीस वर्षांची, सत्तरीच्या बाईला तू देऊ करते आहे! लहानपणी आईनं यासाठी कानाखाली दिली असती. टिली झोमरला सगळे तू म्हणतात, म्हणून गुंडुला हेलवेगे रीत विसरली.

म्हातारीनं तोंड पुसलं. "ते वयानं मोठ्या माणसानं म्हणायचं असतं. आणि मी अजून म्हटलेलं नाही, फ्रॉइलाइन हेलवेगे." पुन्हा हेरिंग खायला लागली.

रडले नाही. उद्या तालमीला सगळ्यांच्या आधी हजर राहायचं.

१२ नोव्हेंबर

झांडरला नकार कळवला. ओरडला, "त्या नाटकात तुझं तोंडही दिसत नाही म्हणे!" म्हटलं, पाठ तरी माझी स्वतःची आहे.

फोन ठेवल्यावर वाटलं, परत लावावा. पण झालं ते झालं.

२ डिसेंबर

काल पहिला प्रयोग.

भाषणाच्या मध्यावर म्हातारी थांबली. आधी वाटलं, रंगवते आहे. मग तिचे डोळे पाहिले. रिकामे! रंगमंचापुढच्या खोक्यातून प्रॉम्प्टरबाई कुजबुजली. मला ऐकू आलं. ती दुसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं बोलली की पहिल्या रांगेनंही ऐकलं असणार. म्हातारी ढिम्म. चाळीस वर्षांत तिनं त्या खोक्याकडे पाहिलेलं नाही म्हणतात. अशा वेळीसुद्धा ताठा?

मी जिभेखालची बी मुठीत थुंकली आणि ओठ हलवले. "त्या वर्षी समुद्र गोठला होता" — आवाज नाही, नुसते ओठ. तिनं पाहिलं. "त्या वर्षी," ती म्हणाली, आणि भाषण असं सुरू झालं की मागं कुणीतरी हुंदका दिला. मी थांबले नाही. शेवटापर्यंत तिच्याबरोबर गेले. लोकांना माझी पाठच दिसत होती. ओठ तिनं एकटीनं पाहिले.

टाळ्या थांबेनात. पडदा पडल्यावर म्हातारी माझ्या अंगावरून सरळ निघून गेली. गेली भूमिका, वाटलं. इतकं करून शेवटी ओठ हलवलेच की मी!

३ डिसेंबर

सकाळी दारात ब्रुंकेनबाई. हातात आलूबुखारचा केक. बसल्या नाहीत. दार लावून घेतलं, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "मला दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही. ओठ बघून चालवते. कुणाला सांगू नकोस. आणि माझ्या भाषणाला रोज हलवत जा — हलवशील ना तू, गुंडुला?"

तू!

मी हो म्हटलं. आवाज न काढता.